वर्ग बंद ‘झाला’ नव्हता, बाई

वाचकहो, एका प्रश्नाचं उत्तर द्या. ‘मंडळातला रविवारचा इंग्रजी वर्ग बंद झाला’ या वाक्यात कर्ता कोण?

घाई नाही. चहा घेत विचार करा. व्याकरणाचं पुस्तक म्हणेल, कर्ता वर्ग. लाईट गेली की पंखा बंद होतो, तसा वर्ग बंद झाला. पण तुमच्यातल्या पुष्कळांना दुसरं उत्तर माहीत आहे. कारण ते उत्तर तुम्ही स्वतः आहात.

थोडा वेळ मी तुमच्याशी बोलणार नाही. मला रूथबाईंशी बोलायचं आहे. तुम्ही ऐका. शेवटी तुमच्याकडे काम आहे.

बाई, तुम्ही गेलात आणि चार दिवसांत आपल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांचा फोन आला. ‘तू बाईंची लाडकी. दोन पानं लिही. पण बघ हां, जरा हळवं लिही, यार. तुझं ते पत्रक नको.’ मी म्हटलं, मला दुसरं काही येत नाही. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मला खरंच दुसरं काही येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? बाबा सरकारी खात्यात कारकून आणि कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहिणारे. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि माझा अभ्यास त्यांच्या कोऱ्या बाजूवर व्हायचा. एका बाजूला महागाई भत्ता, दुसऱ्या बाजूला सातचा पाढा. इतर मुलांना झोपताना परीची गोष्ट मिळे, मला मागण्या मिळत.

तुम्ही समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचात. माहेर नगरचं, भिंतीवर क्रूस, गॅसवर पिठलं, आणि सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून आल्यावर संध्याकाळी दार उघडं. मी सहा-सात वर्षांची असेन. मी आणि दादा तुमच्याकडे पाणी प्यायला आलो आणि काचेचा ग्लास फुटला. बघा, मीसुद्धा ‘फुटला’ लिहिलं. हात आपोआप तिकडे वळतो.

तुम्ही आतून विचारलंत, ‘कोणी?’

दादा म्हणाला, ‘ग्लास फुटला.’

मी म्हटलं, ‘मीने तोडला.’

तुम्ही बाहेर आलात ते हसतच. ‘फोडला गं. तोडतात ती फांदी. आणि ‘मीने’ नाही, नुसतं ‘मी’. ‘मैंने’मधला तो ‘ने’ दाराबाहेर काढून ठेवायचा, चपलांसारखा.’ मग दादाकडे वळलात. ‘तुझं मराठी अगदी बरोबर आहे राजा, पण तू लबाड आहेस. हिचं चुकलंय, पण ही खरं बोलते. आता दोघं मिळून काचा गोळा करा.’

दिल्लीत वाढलेल्या आम्हा सगळ्या मराठी पोरांची ही खूण. शाळेत दिवसभर ‘मैंने किया’, घरी आल्यावर ‘मीने केलं’. आमच्या आयांना त्याची लाज वाटायची. पुण्याहून आजी आली की आम्हाला डोळ्यांनी दटावलं जायचं. तुम्ही एकट्या होतात ज्यांना ती चूक आवडायची. ‘हा ‘ने’ कर्त्याच्या पाठीवर मारलेला शिक्का आहे,’ असं म्हणायचात. ‘पुणेकर ‘मी’ला शिक्का मारत नाहीत. तुम्ही पोरं मारता. मारा. पुढे उपयोगी पडेल.’

पडतोय, बाई.

मग तुम्ही निवृत्त झालात, क्वार्टर सुटलं, तुम्ही छोट्या फ्लॅटमध्ये गेलात, आणि मंडळाच्या वरच्या खोलीत रविवारचा वर्ग सुरू केलात. ‘केलात’ म्हणते, कारण तो आपोआप सुरू झाला नव्हता. तुम्ही स्वतः बाजारातून फळा आणलात, रिक्षात मांडीवर आडवा धरून. आधी आल्या त्या बदली होऊन आलेल्या साहेबांच्या बायका, नागपूरच्या, सोलापूरच्या. मुलांच्या शाळेत पेरेंट्स मीटिंगला तोंड उघडता यावं म्हणून. पाटणकरांची सून तर पहिल्या दिवशी रडलीच. मग मी आले, तुम्हाला फळा पुसायला मदत करते असं सांगून, खरं म्हणजे तुमच्याशी भांडायला. आणि मग एके दिवशी दिल्लीबाहेरच्या मानेसरहून, तिथल्या कारखान्यांतून, दत्ता आला.

दत्ता बीडकडचा. आयटीआय करून गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलेला. शेअर ऑटो, मग मेट्रो, मग पायी, असा तो आला आणि दारात उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, इथं मराठीतून इंग्रजी शिकवतात असं कळलं.’ तुम्ही म्हणालात, ‘मॅडम शाळेत राहिली. इथं बाई. ये आत.’ पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. त्यात लातूरचा नौशाद होता, जो प्रत्येक वाक्य ‘हे काय बरोबर वाटत नाही’ अशा चेहऱ्याने ऐकायचा.

भूतकाळ तुमचा आवडता. वर्तमानात इंग्रजी नखरे करते म्हणायचात, आय गो पण शी गोज. भूतकाळात मात्र सगळे एका रांगेत. फळ्यावर तुम्ही एकाखाली एक लिहिलंत आणि आम्ही सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं: आय वेंट, यू वेंट, ही वेंट, शी वेंट, वी वेंट, दे वेंट. शेजारी मराठी: मी गेलो, मी गेले, तू गेलास, तू गेलीस, तो गेला, ती गेली. मराठीची यादी फळ्याबाहेर जायला लागली.

दत्ता म्हणाला, ‘हे बरंय बाई. साहेब गेला तरी वेंट, आम्ही गेलो तरी वेंट. बस वेगळी, वेंट एकच.’

पाटणकरांची सून खो खो हसली. नौशादने विचारलं, ‘मग बाई गेली का माणूस गेला, हे इंग्रजांना कळतं कसं?’

‘सर्वनामावरून,’ तुम्ही म्हणालात. ‘सगळं ओझं त्या एका शब्दावर. म्हणून तो आधी येतो. मराठीत नुसतं ‘गेली’ म्हटलं तरी भागतं. इंग्रजीत कोण ते सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही. नुसतं ‘क्लोज्ड’ फक्त दुकानाच्या दारावर लिहितात.’

मग वॉज आणि वेअर. तिथे ती रांग मोडते. आय वॉज, पण यू वेअर. समोरचा एकटा असला तरी त्याला अनेकवचनाचं क्रियापद. ‘म्हणजे इंग्रजीत अरे-तुरे नाहीच,’ तुम्ही म्हणालात. ‘यू म्हटलं की अहो-जाहोचं क्रियापद लावावंच लागतं.’

‘आमच्या सुपरवायझरला कळवा की बाई,’ दत्ता म्हणाला. ‘त्याचं यू लई एकेरी असतं.’

ती खोली अशी होती, वाचकहो. तुमच्यातल्या ज्यांनी तिला ‘सेफ्टी इश्यू’ म्हटलं, त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

आणि तो रविवार, बाई, ज्या दिवशी दत्ता आला आणि फळ्याकडे पाठ करून बसला. तुम्ही पाणी दिलंत. शेवटी नौशादने सांगितलं. शुक्रवारी कारखान्यातली लाईन मध्येच बंद पडली. मशीन जुनं, आधीही पडायची. वरचे साहेब आले, तामिळ की कुठले, त्यांनी इंग्रजीत विचारलं, लाईन कोणी थांबवली? मशीनपाशी उभा होता दत्ता. त्याला म्हणायचं होतं, साहेब, ती बंद पडली. तो म्हणाला, ‘आय स्टॉप.’

बस. त्याच्या नावावर लेखी वॉर्निंग लागली आणि त्याचं कायम होणं लांबलं. ‘मला वाटलं, मला दिसलं ते मी सांगतोय, तर आधी आय लावायचा,’ दत्ता म्हणाला. ‘बाई, तुम्हीच म्हणाल्या होत्या, आधी सर्वनाम.’

तुमचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. तुम्ही फळा कोरा पुसलात आणि मधोमध एकच शब्द लिहिलात: इट. ‘हे सगळ्यात गरीब सर्वनाम,’ तुम्ही म्हणालात, ‘आणि मी ते शेवटी शिकवणार होते. चुकलं माझं. इट स्टॉप्ड. मशीन बंद पडतं, पाऊस थांबतो, लाईट जाते, तिथे इट. तिथे माणसाने पुढे होऊन आय लावायचा नाही. जे तू केलं नाहीस त्याचा आय घ्यायचा नाही. आणि जे केलंस त्याचा सोडायचा नाही. दोन्ही सारखंच खोटं.’

तो पूर्ण तास आम्ही तेवढंच केलं. इट फेल. आय ड्रॉप्ड इट. इट ब्रोक. ही ब्रोक इट. दत्ता प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता आणि कपाळावरचा घाम पुसत होता. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी आला. मला आजवर मिळालेलं सगळ्यात चांगलं राजकीय शिक्षण म्हणजे तो तास. बाबांची सगळी पत्रकं एकीकडे आणि तुमचं ते ‘इट’ एकीकडे.

माझ्या लिहिण्यातून ‘करण्यात येत आहे’ तुम्हीच हाकललंत. मी पत्रक दाखवायला आणलं होतं, ‘तीव्र निषेध करण्यात येत आहे.’ तुम्ही विचारलंत, ‘कोण करतंय?’ मी म्हटलं, आम्ही. ‘आम्ही म्हणजे किती?’ मी बोटं मोजायला लागले. ‘तू करतेस ना? मग ‘मी निषेध करते’ म्हण. त्यात वजन आहे. ‘आम्ही’त लपायला फार जागा असते.’ मी तुम्हाला व्यक्तिवादी म्हटलं. तुम्ही मला पत्रककर्त्या बाई म्हटलंत. मी चिडून निघाले, जिन्यापर्यंत गेले, आणि तुम्ही वरून ओरडलात, ‘अहो पत्रककर्त्या बाई, डबा राहिला तुमचा!’

आता ती सभा.

तिच्याआधी जिन्यात झालेलं बोलणं मी ऐकलं होतं. मंडळाचे सचिव तुम्हाला अडवून हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, प्लीज गैरसमज नको. आपलेच लोक आहेत, बिल्कुल आपले. पण संडास ओला होतो, जिन्यात बूट पडलेले असतात, आणि शेवटी आपल्या मुली वर येतात ना.’

तुम्ही शांतपणे विचारलंत, ‘‘आपल्या’मध्ये दत्ता आहे का नाही, तेवढं सांगा.’

सचिव म्हणाले, ‘वी आर नॉट अगेन्स्ट एनीवन.’

इंग्रजीत पळायला हे दार बरं आहे. मराठीत ‘आपण’ म्हटलं की समोरचा आत असतो आणि ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर. सांगावंच लागतं. ‘वी’ला काही सांगावं लागत नाही. सचिव ‘वी’ म्हणाले आणि दत्ता उंबरठ्यावर उभा राहिला, आत ना बाहेर.

सभेत अध्यक्ष म्हणाले, ‘खोलीचा प्रश्न आहे. वर्ग बंद करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.’ आणि हात वर झाले. परत तेच! हात वर झाले नाहीत. हात वर केले. ज्यांच्या मुलांना तुम्ही बारावीला तारलंत त्यांनी केले. ज्यांना तुम्ही पेरेंट्स मीटिंगमध्ये बोलतं केलंत त्यांनी केले. काहींनी पूर्ण केला, काहींनी खांद्यापर्यंत, भाजीवाल्याला दोन बोटं दाखवतात तसा. विरोधात कोण विचारल्यावर बाबांनी हात वर केला आणि मी उभीच राहिले. मी काय काय ओरडले ते मला आठवतं आणि त्यातला एक शब्दही मी परत घेत नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘बसून घे बेटा, इमोशनल नको होऊ.’

आणि तुम्ही हात वर केला नाहीत. मांडीवर हात ठेवून, मागे वळून, एकेक चेहरा बघत होतात. वर्गात हजेरी घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं: ‘रविवारचा इंग्रजी वर्ग बंद झाला आहे.’

मी तडक तुमच्याकडे आले. तुम्ही मटार सोलत होतात. मी म्हटलं, बाई, हे काय? आणि तुम्ही, साऱ्या जगाला कर्ता विचारणाऱ्या तुम्ही, म्हणालात, ‘अगं, बंद झाला वर्ग. जाऊ दे.’

‘झाला? केला म्हणा!’

‘चहा ठेव,’ तुम्ही म्हणालात.

त्या ‘झाला’बद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. मेलेल्या माणसाबद्दल राग धरू नये म्हणतात. का धरू नये? राग फक्त जिवंत माणसांचीच मालमत्ता आहे का?

पत्रक मी रात्रीच लिहून ठेवलं होतं, ते पुढे केलं. ‘त्यांनी आमचा वर्ग बंद केला.’ खाली मी नावं घालणार होते, ज्यांनी ज्यांनी हात वर केले त्या सगळ्यांची. तुम्ही चष्मा लावलात, वाचलंत आणि ‘त्यांनी’भोवती लाल गोल काढलात.

‘व्याकरण चुकलं का?’ मी विचारलं.

‘व्याकरण ठीक आहे. हे छापू नकोस.’

‘का? घाबरलात?’

‘हो, घाबरले. तू ‘त्यांनी’ लिहिलंस की त्यांची सुटका झाली. ते म्हणतील, ती मुलगी काय, काहीही लिहिते. ‘त्यांनी’ हे तुझं वाक्य आहे. त्यांचं वाक्य ‘मी’ने सुरू होतं आणि ते त्यांनीच म्हणायचं असतं. रिकामी जागा विद्यार्थ्याने भरायची. तू भरलीस तर ती कॉपी झाली.’

‘आणि ते कधी भरणार?’

‘येतील. सगळे नाही येणार. एखादा येईल. दारात उभा राहून म्हणेल, बाई, मी हात वर केला. आय रेज्ड माय हँड. सोपं वाक्य आहे गं. पहिल्या महिन्यातच शिकवलंय.’

‘आणि कोणीच नाही आलं तर?’

तुम्ही मटाराच्या शेंगा कागदात गुंडाळल्यात. ‘तर मी वाईट शिकवलं.’

मी पत्रक फाडलं नाही, छापलंही नाही. तुमच्या शब्दाखातर थांबले. आपलं भांडण तिथेच राहिलं. मी म्हणत होते, माणसं आपणहून ‘मी’ म्हणत नाहीत, म्हणायला लावावं लागतं. तुम्ही म्हणत होतात, लावलं तर तो ‘मी’ खोटा. मला वाटलं होतं पुढच्या रविवारी निकाल लावू. त्याच्या पुढच्या रविवारी. दत्ता आणि नौशाद थोडे दिवस तुमच्या फ्लॅटवर आले, पलंगावर बसून शिकले. मग त्यांच्या शिफ्टा बदलल्या. मग तुम्हाला धाप लागायला लागली.

वाट बघत होतात तुम्ही. नाही म्हणू नका. मी आले की आधी तुमची नजर माझ्या मागे जायची, आणखी कोणी आहे का बघायला. बेल वाजली की तुम्ही केसांवरून हात फिरवायचात. दुधवाला असायचा. कुरियर असायचा. मंडळाकडून एकदा फळांची करंडी आली, ‘गेट वेल सून’ची चिठ्ठी लावलेली. त्या वाक्यातही सर्वनाम नाही, हे तुम्हीच हसत दाखवलंत, आणि हसताना खोकलात. मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. तेच हात, बाई. आधी वर, मग जोडलेले.

एक आठवण मात्र मला सुटत नाही. त्याआधीची, तुम्ही धडधाकट असतानाची. आपण बसने रिजच्या टेकडीवरून चाललो होतो आणि कंडक्टर ओरडला, ‘हिंदूराव, हिंदूराववाले उतरो!’ तुम्ही मला कोपराने ढोसलंत. ‘हे कोण होते माहितेय का? ग्वाल्हेरहून आलेले गृहस्थ. इथे त्यांचं घर होतं. आणि आता विचार कोणालाही.’ पुढच्या सीटवरच्या बाईंना तुम्ही खरंच विचारलंत, ‘बहनजी, ये हिंदूराव कौन थे?’ ती म्हणाली, ‘थे नहीं जी, है। अस्पताल है।’

तुम्ही इतक्या हसलात की बसमधले लोक वळून बघायला लागले. ‘बघ! ही वॉज अ मॅन. इट इज अ हॉस्पिटल. सर्वनाम बदललं, काळ बदलला, माणूस संपला. एवढंच असतं मरण. तुमचं ही-शी जातं आणि इट येतं.’ मग म्हणालात, ‘माझी निदान एखादी खोली तरी होऊ दे.’

होतेय, बाई.

शोकसभा मंडळाच्या हॉलमध्येच घेतली. तुमच्या फोटोला हार घातला होता आणि खाली उदबत्ती. कोणाला तुमचं घर, तुमचा क्रूस आठवला नसावा. अध्यक्ष म्हणाले, ‘वी लॉस्ट हर.’ मेट्रोत छत्री हरवते तशा तुम्ही हरवलात. सचिव म्हणाले, ‘वी डिड नॉट नो शी वॉज सो इल.’ डिड आलं की पुढे न्यू नाही, नो; जसं वेंट नाही, गो. अगदी बरोबर वाक्य. तुम्ही पूर्ण मार्क दिले असते. मी शून्य देते. करंडी कोणी पाठवली होती मग?

आणि शेवटी जाहीर केलं की वरच्या खोलीला तुमचं नाव देणार. संगमरवराची पाटी, त्यावर इंग्रजीत एक ओळ, मजकूर सगळ्यांना वाचून दाखवला: ‘शी टॉट हिअर अंटिल शी चोज टु रेस्ट.’

टाळ्या वाजवल्या लोकांनी.

शी टॉट. ठीक. तुम्ही शिकवलंत, ते तुमचं. पण शी चोज? तुम्ही निवडलंत? विश्रांती घ्यायचं तुम्ही ठरवलंत? भूतकाळाचं क्रियापद अचूक, सर्वनाम अचूक, आणि सबंध वाक्य चोरीचं. दत्ताच्या तोंडी न केलेल्या गोष्टीचा आय बसला, तेव्हा त्याला शिक्षा मिळाली. इथे स्वतः केलेल्या गोष्टीतून आपलं वी काढून घेतलं, त्या जागी मेलेल्या बाईचं शी बसवलं, आणि त्याला श्रद्धांजली म्हणतात. वर त्यावर संगमरवर.

मशीन बंद पडतं, बाई. पाऊस थांबतो. वर्ग बंद पडत नाही. इथे इट चालणार नाही, आणि शी तर मुळीच चालणार नाही.

सभा संपल्यावर मी दत्ताला फोन केला. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. मागे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता. मग तो इंग्रजीत म्हणाला, का ते मला कळलं नाही, कदाचित तुमच्याबद्दल दुसऱ्या भाषेत बोलणं त्याला बरोबर वाटलं नसेल: ‘बाई कॉल्ड मी. लास्ट मंथ. आय डिड नॉट वेंट.’

‘वेंट’च्या जागी ‘गो’ यायला हवं होतं. तुम्ही लगेच म्हणाला असतात, एका वाक्यात भूतकाळ एकालाच मिळतो. मी दुरुस्त केलं नाही. त्या आठवड्यात तुमच्याविषयी मी खूप वाक्यं ऐकली आणि ‘आय’ने सुरू होणारं तेवढं एकच होतं.

तुम्ही वाईट शिकवलं नाहीत, बाई. हे मला तुमच्या समोर म्हणायचं राहिलं, म्हणून इथे म्हणते. मटारांच्या त्या शेंगांवर तुम्ही जो निकाल लावलात तो मी मान्य करत नाही. मला जेवढं नीट बोलता येतं, नीट भांडता येतं, ते तुमच्यामुळे. आणि आपल्या भांडणात मी अजूनही तुमच्या विरुद्ध बाजूला आहे. तुम्ही वाट बघितलीत. मी बघणार नाही.

पण तुमचा एक नियम पाळते. या लेखात मी हात वर करणाऱ्या एकाचंही नाव घातलेलं नाही. जागा रिकामी ठेवली आहे.

आता वाचकहो, तुमच्याकडचं काम.

येत्या रविवारच्या सभेत पाटीचा मजकूर मंजुरीला येणार आहे. अध्यक्ष विचारतील, सर्वांना मान्य? त्या वेळी ज्यांनी मागच्या वेळी हात वर केला होता त्यांनी तोच हात पुन्हा वर करा, खांद्यापर्यंत नाही, पूर्ण, आणि उभे राहून एक वाक्य म्हणा. ‘आय रेज्ड माय हँड.’ मग सांगा, पाटीवरचं ‘शी चोज’ पुसा, आणि वरची खोली रविवारी उघडा. दत्ताला मी आणते. फळा अजून तिथेच आहे.

इंग्रजीत अडखळत असाल तर मराठीत म्हणा. आणि मराठीतही जीभ अडखळली, दिल्लीत वाढलेल्या आमच्यासारखी घसरली, आणि तोंडातून ‘मीने हात वर केला’ असं निघालं, तरी थांबू नका. वाक्य पूर्ण करा.

चूक काढायला बाई आता नाहीत. आणि असत्या, तरी ही त्यांनी काढली नसती.